आढ्याला बांधलेली चिंधी

काश्या, गाळ्याची किल्ली माझ्याकडे आली आहे. तुझ्या तेराव्याच्या जेवणानंतर नंदा वहिनींनी ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "भावजी, तुमीच उघडा. माझा पाय न्हाय उचलत तिकडं जायला." मी मान हलवली. सात महिने मी तुझ्याशी बोललो नव्हतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. किल्ली खिशात टाकली, चपला शोधल्या आणि निघालो.

तू गेलास हे मला साजिदकडून कळलं. तेही मला एकट्याला नाही. तुझ्याकडे शिकणाऱ्या पोरांचा जो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, ज्यातून मी भांडणानंतरही बाहेर पडलो नव्हतो, त्यावर त्याने लिहिलं, 'सर नहीं रहे.' मी तेव्हा शाळेच्या मैदानावर प्रार्थनेच्या रांगा लावत होतो. मी एका हातात शिटी धरून दुसऱ्या हाताने लिहिलं, 'कौन सर?' खरंच कळलं नव्हतं रे. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, रोज पोरांबरोबर दोरीवर चढणारा, सकाळी चहाचा कप हातात घेऊन बसतो आणि कप खाली ठेवायच्या आत जातो, हे माझ्या डोक्यात येणार कसं? तो प्रश्न अजून ग्रुपवर आहे. त्याच्याखाली कोणीही काही लिहिलेलं नाही.

स्मशानात तुझी जुनी पोरं आली होती. काहींच्या दाढीत पांढरा केस दिसायला लागला आहे. एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमचं बोलणं बंद होतं ना?" मी म्हटलं, "हो." तो म्हणाला, "आम्हाला वाटलं होतं मिटेल." मलाही वाटलं होतं. मी फक्त तू आधी येशील याची वाट बघत होतो, आणि माझी खात्री आहे की तूही खारबावच्या घरात बसून हेच करत होतास.

आपल्या दोघांचं जे काही झालं ते एका छपरामुळे झालं, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. भिवंडीतल्या नारपोलीचा तुझ्या बापाचा गाळा. पुढच्या अर्ध्या भागात कापडाचे लूम चालू, मागच्या अर्ध्यातले बंद पडलेले लूम काढून टाकलेले. आपले शाळेतले व्यायामाचे सर तुझ्या बापाच्या मागे लागले आणि त्या रिकाम्या जागेत त्यांनी सिंगल बार उभा केला. मधोमध, आढ्याखाली, कारण पत्र्याचं छप्पर तिथंच सगळ्यात उंच होतं. तरी ते चौदाच फूट. बार नऊ फुटांवर, आणि त्यावर हात टेकून उलटं ताठ उभं राहिलेलं अंग आणखी सहा फूट. पंधरा फुटांचा हिशेब चौदा फुटांत बसवायचा होता, आणि वर आढ्याचा लोखंडी गर्डर.

म्हणून आपण गुडघे वाकवायला शिकलो. जायंट मारायचा, म्हणजे बारभोवती अख्खं अंग ताठ ठेवून पूर्ण फेरा घ्यायचा, आणि नेमकं वर पोचल्यावर गुडघे दुमडून गर्डरखालून निघायचं. पहिल्यांदा तू दुमडले नाहीस. तुझा अंगठा गर्डरवर आपटला तो आवाज लूमच्या खडखडाटातही मला ऐकू आला. तू खाली चिंध्यांच्या पोत्यांवर पडलास आणि रडण्याऐवजी हसत सुटलास. नंतर अंगठा सुजून वांग्याएवढा झाला आणि तू घरी सांगितलंस की बैलाने पाय दिला. तुमच्याकडे तेव्हा बैल नव्हता. तुझ्या बापाने तेवढ्यासाठी तुला वेगळा मार दिला.

त्या आवाजात सरांचं बोलणं ऐकू यायचं नाही. ते लूमवाल्यांसारखे हातांनी बोलायचे. बोट हवेत फिरवलं की पुन्हा. तळहात ताठ उभा धरला की गुडघे ताठ. मूठ म्हणजे थांब. आपण शाळेत, लग्नाच्या पंगतीत, कुठंही त्या खुणा करायचो. तुझ्या लग्नात तू बोहल्यावर उभा होतास, घाबरून पाय थरथरत होते, आणि मी समोरच्या रांगेतून तळहात ताठ धरला. तुला हसू आवरेना आणि भटजी माझ्याकडे रागाने बघायला लागले.

मग ठाण्याला जिल्ह्याची निवड. उंच हॉल, वर छप्पर कुठं आहे ते दिसत नव्हतं. आणि आपण दोघांनीही वर पोचल्यावर गुडघे वाकवले. तिथं गर्डर नव्हता, पण आपल्या गुडघ्यांना ते कोण सांगणार? मी तुझ्यापेक्षा चार बोटं बुटका. मला गाळ्यात थोडंच वाकायला लागायचं, म्हणून तिथंही मी थोडंच वाकलो आणि पंचांनी माझे थोडेच गुण कापले. तू उंच, तू पुरता दुमडलास. मी जिल्ह्यावरून विभागाला गेलो, विभागातून राज्यावर गेलो. तू जिल्ह्यावर थांबलास. राज्यस्तराच्या त्या एका कागदावर मला पुढे शाळेत नोकरी लागली, पंचाची परीक्षा देता आली. तू मला एसटी स्टँडवर सोडायला आला होतास आणि म्हणालास, "माझी चूक येवढीच की मी वाढलो." मी हसलो होतो. ते हसण्यासारखं नव्हतं हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

बाप गेल्यावर तू उरलेले लूमही भंगारात काढलेस. सगळे तुला वेड्यात काढत होते. आजूबाजूचे सगळे आपापल्या जागा गोदामांना देत होते, आणि तू डबल बार, रिंगा आणि जुनी गादी आणून पोरांना उलटं उभं करत होतास. डाव्या भिंतीवर तू ऑइलपेंटने आठ ओळी आखल्यास आणि त्यांना पायऱ्या म्हणायला लागलास. पहिली कोलांटीची. तिसरी, भिंतीचा आधार न घेता मिनिटभर हँडस्टँड. पाचवी रिंगांवरची. पोराने आपलं नाव खडूने स्वतः लिहायचं, आणि वरच्या पायरीवर जाताना स्वतःच्या हाताने पुसून वर लिहायचं. नियम एकच होता आणि तो तू कधी मोडला नाहीस. जे करायचं ते लागोपाठ तीन दिवस स्वच्छ झालं पाहिजे. तिसऱ्या दिवशी चुकलं तर पुन्हा पहिल्या दिवसापासून.

आठव्या पायरीवर तू लिहिलं होतंस, 'जायंट, ताठ.' तिथं एकोणीस वर्षांत एकही नाव लागलं नाही. लागणार कसं, वर गर्डर होता. नवीन पोरं विचारायची, मग ही ओळ कशाला? तू म्हणायचास, "असू दे. जागा धरून ठेवलीय."

आपलं पहिलं भांडण ह्या भिंतीपाशीच झालं आणि ते आजतागायत संपलेलं नाही. मी म्हणायचो, तुझ्या आठ पायऱ्यांना बाहेर कोणी विचारत नाही. बाहेर चौदा वर्षांखालचे, सतरा वर्षांखालचे, एकोणीस वर्षांखालचे असे गट आहेत, प्रत्येक गटाचा कसरतींचा ठरलेला संच आहे, जिल्हा, विभाग, राज्य असं चढायचं आहे. तू एका पोराला हँडस्टँडवर दोन वर्षं बसवून ठेवलंस तर तो गटातून बाहेर पडतो आणि वरच्या गटात मोठ्या पोरांपुढे पुन्हा शून्यापासून उभा राहतो. वय थांबत नाही काश्या. त्यावर तू म्हणालास, "वय ही काय पायरी हाय? वय काय, कोणपण चढतो." मला राग आला आणि हसूही आलं. तुझ्याशी भांडताना नेहमी हीच पंचाईत व्हायची.

साजिदवरून तर आपण किती वेळा भांडलो. त्याचा बाप लूमवर बारा तासांची शिफ्ट करतो. खाली टाकायच्या चिंध्यांची पोती घेऊन तो आला होता आणि सहा वर्षांचा साजिद एका पोत्यावर बसून आला होता. तू पोती उतरवून घेतलीस आणि पोराकडे बघून म्हणालास, "ये बी उतारो." तो तेव्हापासून उतरलेलाच आहे. तू त्याला चौथ्या पायरीवर दोन वर्षं ठेवलंस. मी म्हटलं, पोरात दम आहे, वर घे. तू घेतलं नाहीस. सातवीवर पोचला तेव्हा तो तेरा वर्षांचा होता आणि चौदाखालच्या गटातलं त्याचं शेवटचं वर्ष उरलं होतं. "आता तरी घाई कर," असं मी तुला सांगितलं. तू फक्त मूठ दाखवलीस.

आता त्या दिवसाचं. मला ते लिहायचं नव्हतं, पण त्याच्यासाठीच तर हे लिहायला बसलो आहे.

ठाण्याला जिल्ह्याची निवड होती. आपण तिघं तुझ्या गाडीवरून गेलो, साजिद मधे. मी पंच होतो. सिंगल बारला दोन पंच असतात, त्या दिवशी दुसरा आलाच नाही, मी एकटा बसलो. सकाळी चहा पिताना मागच्या टेबलावर कोणीतरी म्हणालं, "आज भिवंडीवाल्यांची मजा आहे, घरचाच पंच आहे." मला ते टोचलं. खोटं कशाला बोलू, फार टोचलं. त्याआधीच्या वर्षांत मी तुझ्या पोरांच्या गुडघ्यांना हलकंच कापायचो. गर्डर माझ्या डोळ्यांपुढे असायचा. त्या दिवशी ठरवून बसलो की कोणाला बोट दाखवायला जागा द्यायची नाही.

साजिद बारवर चढला. संचात चार जायंट. गुडघे जरासे वाकले तर एक दशांश, जास्त वाकले तर तीन. पहिला फेरा, मी तीन लिहिले. दुसरा, तीन. तिसरा, तीन. चौथा, तीन. तो उतरला, पाय घट्ट रोवून उभा राहिला, हॉलमधे टाळ्या पडल्या. पहिले पाच विभागाला जाणार होते. साजिद सहावा आला, तीन दशांशांनी.

तू खाली गाड्यांपाशी उभा होतास. साजिद गाडीवर बसून बुटाची नाडी सोडत होता आणि पुन्हा बांधत होता. तू आवाज न चढवता विचारलंस, "कशाचे कापलेस?"

"गुडघे."

"चारी फेऱ्यांना?"

"चारही. तीन-तीन."

"तू त्याचे गुडघे न्हाय बगितलेस, विल्या. तू माझे बगितलेस."

मी म्हटलं, "मी नियमाने दिले. गर्डर तुझ्या गाळ्यात आहे, नियमात नाही." आणि वर हेही म्हटलं की पोराला दोन वर्षं चौथ्या पायरीवर सडवलं नसतंस तर त्याच्या हातात आणखी एक वर्ष असतं. सडवलं, हा शब्द मी वापरला. साजिदसमोर वापरला. तू गाडी चालू केलीस आणि त्याला घेऊन निघून गेलास. मी रिक्षा बघत रस्त्यावर उभा राहिलो.

तेव्हापासून सात महिने. एकदा तू मला नाक्यावर दिसलास, गर्दीत गाडी अडकलेली, आणि तू हात वर केलास. मी मोबाईलमधे काहीतरी बघतो आहे असं केलं. मोबाईलमधे काही नव्हतं. तू हात किती वेळ वर धरलास ते मला माहीत नाही, कारण मी वर बघितलंच नाही. काश्या, मला दुसरं काही परत नको, ते अर्धं मिनिट फक्त हवं आहे.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी शाळेत जाताना मला गाळ्याच्या दाराशी राबिटाचा ढीग दिसला. फोडलेलं काँक्रीट, दगड, माती. आतून घणाचे घाव ऐकू येत होते. मी ओळखलं की झालं, हाही गोदामवाल्यांना दिला. स्टाफरूममधे जाऊन सांगितलंसुद्धा, "दिला शेवटी काशिनाथने गाळा. मोठ्या पायऱ्या सांगत होता." दोघं हसले. आत डोकावून बघायला मला दहा पावलं चालायची होती. मी शाळेला उशीर होतो म्हणून गेलो नाही, आणि त्या दिवशी पहिला तास मोकळाच होता.

तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाळा उघडला. आत गोदाम नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं, डबल बार, रिंगा, भिंतीवरची नावं. फक्त आढ्याखाली जमीन नव्हती. लूमचं जुनं फाउंडेशन फोडून तू दोन फूट खोल, लांबरुंद खड्डा केला होतास. कडा सिमेंटने गुळगुळीत केल्या होत्यास, पोरांना लागू नये म्हणून. सिंगल बार त्या खड्ड्यात उभा होता आणि त्याच्या तारा नव्या हुकांना ताणलेल्या होत्या. मी वर बघितलं. छप्पर तिथंच होतं, चौदा फुटांवर. बार दोन फूट खाली गेला होता. इतकी साधी गोष्ट आपल्या सरांना सुचली नाही, मला सुचली नाही, आणि तुला एकोणीस वर्षं सुचली नाही. मी खड्ड्याच्या काठावर बसलो आणि खूप रडलो. तुला आवडलं नसतं. तू म्हणाला असतास की रडायचं तर आधी हातावरची चॉक पावडर पूस, चेहरा माकडासारखा होतो.

गर्डरला एक लाल चिंधी बांधलेली होती. वीतभर लांब, खाली लोंबणारी.

तिथं बसलो असतानाच साजिद आला. केवढा वाढलाय तो. बापाच्या खांद्याला लागला. मला बघून दारातच थांबला, मग आत येऊन चपला काढल्या. मी चिंधीकडे बोट केलं. तो म्हणाला, "सर ने बाँधी है. ऊपर पैर का अंगूठा उसको लगना चाहिए. घुटना मुड़ा तो नहीं लगता."

"लागला का कधी?"

"नाही सर. जागा आहे, मालूम आहे. पण घुटना मानत नाही. ऊपर गेलो की आपोआप मुडतो." मग म्हणाला, "सर स्वतः खणत होते. सुट्टी असली की मी पण. अब्बूने घण आणून दिला."

वहिनींकडून मला बाकीचं कळलं. तुझ्या फोनमधे निवडीच्या दिवसाचा व्हिडिओ होता. "चार दिवस तेच लावून बसले व्हते," त्या म्हणाल्या. "जेवताना पण. मंग एक दिवस फोन उलटा ठेवला न् बोलले, पोराची चूक न्हाय, माझ्या छपराची हाय. लगेच उठून गेले." त्यांनी आणखी एक सांगितलं. खड्डा पुरा झाल्यावर त्यांनी तुला हसत विचारलं होतं, आता तरी झालं का? तू म्हणालास, "पोरगा वाढतोय. दोन वर्सांनी आनखी खनावं लागंल."

मी साजिदकडून तो व्हिडिओ मागून घेतला. शाळेत रिकाम्या वर्गात बसलो, कागद घेतला आणि पुन्हा गुण दिले. पहिला फेरा, गुडघे चांगलेच वाकलेले, तीन. दुसरा, तीन. तिसरा मी थांबवून थांबवून बघितला. काश्या, तिसऱ्यात गुडघे जेमतेम वाकले आहेत. एक. चौथ्यातही एक. त्या पोराने हॉलमधे, हवेत असताना, वर गर्डर नाही हे ओळखलं होतं आणि स्वतःला सरळ केलं होतं. मी चार दशांश जास्त कापले. तो तीन दशांशांनी राहिला. आणि मला आता हेही आठवतं की शेवटच्या दोन फेऱ्यांना तो वर पोचायच्या आधीच माझा आकडा लिहून झाला होता. मला ठाऊक होतं ना, वर गेल्यावर काय होतं ते. तू म्हणालास ते अगदी तसंच होतं. मी तुझे गुडघे बघितले.

राबिटाच्या ढिगाचंही मी हेच केलं. नाक्यावर तू हात वर केलास तेव्हाही. पस्तीस वर्षं तुला ओळखून मी बघायचंच सोडून दिलं होतं.

हे साजिदला सांगायलाच हवं होतं. दुसऱ्या दिवशी गाळ्यात मी त्याला समोर बसवलं आणि सांगितलं, "तुझी निवड व्हायला हवी होती. माझी चूक झाली." त्याने खाली बघितलं. मला वाटलं तो उठून जाईल, आणि गेला असता तरी माझं काही म्हणणं नव्हतं.

तो म्हणाला, "मालूम है सर."

"तुला कोणी सांगितलं?"

"सर ने. व्हिडिओ दाखवला ना. बोलले, पहिल्या दोनात तुझा घुटना मुडला, ती माझी गलती. पिछले दो में सीधा था, ती विलास सरची. बोलले, विलास सरला काही बोलायचं नाही. आधी आपली वाली ठीक करू."

तुझी वाली तू ठीक केलीस. घण घेऊन, वाकून, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. वहिनी म्हणतात त्याने तुझ्या छातीवर ताण आला. डॉक्टर म्हणतात तसं सांगता येत नाही. मी डॉक्टरांचं धरून बसलो आहे, कारण दुसरं धरलं तर मला उठता येणार नाही. आधी तुझी, आणि मग? मग तू माझ्याकडे येणार होतास का? साजिदला मी हे विचारलं नाही. त्याला माहीत नसेल, किंवा असेल आणि उत्तर नाही असं असेल.

पंचांच्या यादीतून मी माझं नाव काढून घेतलं आहे. आता रोज सकाळी शाळेआधी गाळा उघडतो. पोरं येतात. मला सर म्हणतात, पण चुकलं की तुझ्या रिकाम्या स्टुलाकडे बघतात. मी त्यावर बसत नाही. साजिद आता सतराखालच्या गटात आहे, तिथं मिसरूड फुटलेली पोरं आहेत, आणि निवड पुढच्या आठवड्यात आहे. तू नसताना त्याने बारला हातच लावला नव्हता. आता लावतो. रोज वर जातो, रोज गुडघे वाकतात, चिंधी हलत नाही. मी खाली खड्ड्यात उभा राहून तळहात ताठ धरतो. आता लूमचा आवाज नाही, तोंडाने सांगता येतं, पण तो हाताकडेच बघतो. तू तसंच शिकवलं आहेस.

परवा मी त्याला म्हटलं, "वर गर्डर आहे का ते बघू नको. मी बघतो." ते आपल्या सरांचं वाक्य नव्हतं, तुझंही नव्हतं, मला तिथंच सुचलं. तो चढला. झोका घेतला, एक फेरा, दुसरा. तिसऱ्याला तो खालून वर यायला लागला आणि माझी बोटं आपोआप आवळली, पेन धरल्यासारखी. मी हात मागे बांधले. तो वर गेला. मी काहीच ठरवलं नाही. तो वर पोचून, पार होऊन, पलीकडे उतरेपर्यंत थांबलो आणि मग आढ्याकडे बघितलं. चिंधी हलत होती.

साजिद उतरला तो थेट खडूच्या डब्याकडे गेला. आठव्या ओळीपुढे उभा राहिला आणि मागे वळून म्हणाला, "लिहू, सर?"

आयुष्यभर तुला घाई कर, घाई कर म्हणणारा मी. निवड तोंडावर आली आहे, पोराला हुरूप हवा आहे, एक नाव लिहिल्याने कोणाचं काही जात नव्हतं. मी मूठ वर केली. त्याने खडू डब्यात परत ठेवला. रुसला नाही. नियम कोणाचा आहे ते त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

काल पुन्हा हलली. तो दुसरा दिवस. आज सकाळी तिसरा होता. गुडघे वाकले, चिंधी हलली नाही, आणि मी बोट हवेत फिरवलं.

उद्यापासून पुन्हा पहिला दिवस, काश्या. सहाला उघडतो मी गाळा.